डोळ्याचा सांडवा

गेल्या महिन्यांत खामगांवाहून एका वाचक भगिनीचें पत्र आलें. त्यांच्या मामंजींच्या डोळ्यावर काचबिंदूची शस्त्रक्रिया होऊन तीन आठवडे झाले. शस्त्रक्रियेपूर्वीं जेवढें दिसत होतें तेवढेंही आतां मामंजींस दिसत नाहीं. डॉक्टर म्हणतात, डोळ्याचा दाब फार उतरला आहे, धीर धरा. घरांत मात्र कोणी म्हणतात हात बिघडला, कोणी म्हणतात दुसरीकडे न्या, आणि दीर तर औषधेंच बंद करावयास निघाले आहेत. आपण काय सुचवितां, असा त्या पत्राचा आशय.

आम्ही डॉक्टर नाहीं, वैद्यही नाहीं. जुनी मॅट्रिक होऊन पस्तीस वर्षें शाळेंत मुलांकडून शब्दरूपें पाठ करून घेतलीं, एवढीच आमची विद्या. परंतु हा रोग २०१२ पासून जानेफळच्या आमच्या घरांत वस्तीस आहे. आमच्या वडील भगिनीचे दोन्ही आणि आमचे दोन्ही, मिळून चार डोळ्यांशीं त्यानें व्यवहार केला. त्या व्यवहारांत जें शिकलों, आणि डॉक्टरांस विचारून विचारून जें कळलें, तें या अंकीं सांगतों. भगिनींनीं तें आपल्या दिरांस वाचून दाखवावें.

आधीं हा रोग काय आणि ही शस्त्रक्रिया काय तें पाहूं. घरांतील निम्मा वाद तेवढ्यानेंच मिटतो. मोतीबिंदूंत डोळ्याचें भिंग गढूळ होतें. तें काढून दुसरें बसविलें कीं माणूस वाचूं लागतो, आणि शेजारीपाजारीं डॉक्टरांचें नांव होतें. काचबिंदूचें तसें नाहीं. डोळ्याच्या पुढल्या भागांत एक निर्मळ पाणी सतत पाझरत असतें. मिनिटास सुमारें दोन-अडीच मायक्रोलिटर, म्हणजे एक थेंब भरावयास वीसएक मिनिटें लागावीं इतक्या संथपणें. जेवढें येतें तेवढेंच बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळींतून निघून रक्तांत मिळतें. ती वाट तुंबली कीं दाब वाढतो, आणि डोळ्याच्या मागची दृष्टिनाडी चेपली जाऊं लागते. त्या नाडींत दहा-बारा लाख तंतू असतात आणि त्यांतला मेलेला तंतू पुन्हां जिवंत होत नाहीं. पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरपर्यंतचा दाब साधारणतः निरोगी समजतात. तथापि एखाद्याची नाडी त्याहून कमी दाबांतही झिजते. थेंबांनीं किंवा लेसरनें दाब आवरला तर उत्तम. न आवरला तर शस्त्रक्रिया.

ज्यांनीं गांवचा तलाव पाहिला आहे त्यांस ती समजावयास अवघड नाहीं. नेहमींची वाट बुजली म्हणून बांध फुटूं नये यासाठीं नवा सांडवा काढावयाचा, एवढेंच तिचें तत्त्व. वरच्या पापणीच्या आड, डोळ्याच्या पांढऱ्या कवचांत एक इवलीशी झडप कापतात, तिच्याखालीं छिद्र पाडतात, झडप दोन-चार टांक्यांनीं बेतानें बांधतात आणि वर डोळ्याचें पातळ आवरण ओढून शिवतात. पाणी झडपेखालून झिरपून त्या आवरणाखालीं जमतें व तेथून शोषलें जातें. तेथें जो फुगवटा येतो त्यास डॉक्टर ब्लेब म्हणतात; आमच्या अक्का त्यास फोड म्हणतात. या शस्त्रक्रियेचें नांव ट्रॅबेक्युलेक्टॉमी. इंग्लंडांतील केंब्रिज येथील केर्न्स यांनीं ती १९६८ सालीं प्रसिद्ध केली. तिच्या आधीं मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयांत कर्नल इलियट यांनीं १९०९ त कवचाला बारीक गोल भोंक पाडण्याची रीत काढली होती व ती जगभर गेली. परंतु तिच्यांत झडप नव्हती, म्हणून पाणी अनिवार वाहून जाई. झडपेचें महत्त्व हें.

आतां या शस्त्रक्रियेंतला चमत्कारिक पेंच पाहा. कोणतीही जखम लवकर भरून यावी म्हणून आपण देवाजवळ मागतों. ही एकच जखम अशी कीं ती पुरती भरून येतां कामा नये. शरीराला तें कोठें ठाऊक? तें आपल्या स्वभावाप्रमाणें बुजवावयास धांवतें. म्हणून मायटोमायसिन नांवाचें, मूळचें कर्करोगावरचें औषध, त्या जागीं कांहीं मिनिटें लावतात, आणि नंतर कित्येक आठवडे स्टेरॉइडचे थेंब घालावे लागतात. सांडवा फार मोकळा झाला तर तलाव रिता; आंवळला किंवा गाळानें भरला तर बांधाचें भय कायम. या दोहोंमधली वाट डॉक्टरांस एका दिवसांत नव्हे, दोन-तीन महिन्यांत साधावयाची असते. आणि साधली तरी दृष्टि वाढत नाहीं. उरलेली राहते. खामगांवच्या घरांत ही गोष्ट आधीं कोणी स्पष्ट सांगितली होती कीं नाहीं, अशी आम्हांस शंका आहे.

सुश्रुतानें उत्तरतंत्रांत ७६ नेत्ररोग मोजले आहेत. त्यांतला अधिमंथ म्हणजे हाच रोग, असें पुष्कळ विद्वान मानतात. डोळा व अर्धें डोकें घुसळलें जात असल्यासारखी वेदना हें त्याचें लक्षण. ही तीव्र जात आजही आढळते, आणि तिला रात्रीच्या रात्रीं इस्पितळ गांठावें लागतें. पण आपल्या घरांत बहुधा शिरतो तो मुका काचबिंदू. तो दुखत नाहीं, खुपत नाहीं. कडेकडेनें दृष्टि खात येतो. सुश्रुतानें शलाकेचें शस्त्रकर्म सांगितलें तें लिंगनाशाचें, म्हणजे मोतीबिंदूचें. तरी त्या प्रकरणांतली एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. शलाका कशी धरावी एवढें सांगून तो थांबत नाहीं. मागाहून डोळा लाल होईल, सुजेल, प्रत्यक्ष अधिमंथही उपजेल, तेव्हां काय करावें हेंही सांगतो. त्याचीं कारणेंही दोन देतो: एक वेध चुकणें आणि दुसरें रोग्याचें अहित आचरण. ढेकर, खोकला, शिंक, थुंकणें वर्ज्य; दहा दिवस संयम. आयुर्वेदांत अशा उपचारोत्तर संकटांस व्यापद् असा शब्दच आहे. म्हणजे शस्त्रकर्माच्या पाठोपाठ व्यापद् येऊं शकते आणि तिचा उपाय आधींच योजून ठेवावा, ही दृष्टि आपल्याकडे जुनी आहे. आजच्या घरांत मात्र व्यापद् दिसली कीं दोनच तर्क निघतात: डॉक्टर चुकले, नाहींतर आपलें नशीब फुटलें.

आमचेंच सांगतों. २०२२ सालीं दिवाळी आटोपल्यावर शहरांतील एका नेत्ररुग्णालयांत आमच्या डाव्या डोळ्यावर ही शस्त्रक्रिया झाली. पहिले चार दिवस सर्व ठीक. पांचव्या दिवशीं, घरांत कोणी नाहीं असें पाहून, आम्हीं वांकून देवघरांतील पितळी समई उचलली. सहाव्या दिवशीं सकाळीं त्या डोळ्यासमोर जणूं पाण्यानें भरलेली बरणी धरली होती. दुपारीं इस्पितळांत दाब मोजला तो ४. शस्त्रक्रियेपूर्वीं २६ होता. चिरंजीव आमच्याबरोबर होते; त्यांचा चेहरा पाहून आम्हांस डोळ्यापेक्षां डॉक्टरांची काळजी वाटूं लागली.

डॉक्टरांनीं शांतपणें एकेक गोष्ट तपासली. प्रथम डोळ्यांत नारिंगी रंगाचा थेंब घालून निळ्या उजेडांत पाहिलें. आवरणाच्या शिवणींतून पाणी बाहेर गळत असेल तर त्या रंगांतून हिरवट ओघळ वाहतांना दिसतो. तो नव्हता. असता तर वरून मऊ भिंगाची पट्टी, आणि तेवढ्यानें न भागल्यास पुन्हां टांका. मग पुढला कप्पा पाहिला. तो उथळ झाला होता, परंतु बुबुळ भिंगास चिकटलें नव्हतें. शेवटीं डोळा मागून पाहिला, तों दाब उतरल्यामुळें पडद्यामागचें आवरण पाणी धरून फुगलें होतें. हेंच आमच्या धुकटपणाचें कारण. उपाय काय, तर अॅट्रोपीनचे थेंब, स्टेरॉइडचे थेंब चालूच, आणि विसांवा. खोकणें, कुंथणें, वांकणें, ओझें उचलणें बंद. बद्धकोष्ठ होऊं द्यावयाचें नाहीं. साष्टांग नमस्कार व प्राणायामांतला कुंभक कांहीं आठवडे बंद. कप्पा अगदींच मिटला असता तर सुईनें आंत जेलीसारखें औषध भरून तो उभा करतात. आवरणाचे फुगे मध्यभागीं एकमेकांस टेकले तर तें पाणी काढतात. आमच्यावर ती पाळी आली नाहीं. अठराव्या दिवशीं दाब ९ झाला, महिन्यानें ११, आणि बरणी निघून गेली. समईचा आणि या सर्वांचा संबंध होता का, असें आम्हीं शेवटच्या भेटींत विचारलें. "तेवढ्यानेंच झालें असें म्हणतां येणार नाहीं, पण पुन्हां उचलूं नका," असें उत्तर मिळालें. अहित आचरण म्हणजे काय, हें इतक्या वर्षांच्या अध्यापनानंतर आम्हांस नीट कळलें.

त्या तीन आठवड्यांत बाहेरच्या बांकावर पुष्कळ सोबती भेटले आणि एकाच शस्त्रक्रियेच्या किती तऱ्हा असतात तें पाहावयास मिळालें. लोणारकडच्या एका शेतकऱ्याचा दाब उलट २८ वर चढला होता. त्याचा सांडवा आंवळला होता. डॉक्टरांनीं वरच्या आवरणास न कापतां लेसरच्या एका ठिणगीनें झडपेचा एक टांका तोडला. दुसऱ्या दिवशीं दाब १४. हा टांका तोडण्याची वेळ पहिल्या कांहीं आठवड्यांतच असते, म्हणून ठरलेल्या दिवशीं दाखवावयास जाणें किती अगत्याचें तें ओळखावें. नंतर जागा वणानें बुजूं लागली तर सुईनें तो वण सोडवून औषध टोंचतात. चिखलीच्या एका बाईंच्या डोळ्यांत पुढें रक्त साचलें होतें. त्यांस उशी उंच करून निजावयास सांगितलें, आणि चार-पांच दिवसांत तें आपोआप ओसरलें.

यांतलें एक संकट मात्र फसवें आहे. पुढला कप्पा उथळ होतो तसाच, परंतु दाब उतरण्याऐवजीं चढतो. पाणी उलट मागच्या बाजूस कोंडून बुबुळाला पुढें ढकलतें. जर्मनींतील ग्राफे यांनीं १८६९ त त्यास दुष्ट काचबिंदू म्हटलें. तेथें अॅट्रोपीन, दाब उतरविणारीं औषधें, मग लेसर किंवा दुसरी शस्त्रक्रिया. दोन रोग्यांचे डोळे वरवर सारखेच दिसावे आणि कारणें अगदीं उलट असावीं. म्हणून शेजाऱ्याच्या बाटलींतले थेंब आपल्या डोळ्यांत घालूं नयेत. आणि पहिल्या दिवसांत कुंथतांना किंवा खोकतांना एकाएकीं असह्य कळ येऊन दृष्टि गेली, तर आंत रक्तस्राव झाला असण्याचा संभव असतो. त्या क्षणीं इस्पितळ गांठावें. सुश्रुताच्या शिंक-खोकल्याचा अर्थ येथें लागतो. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या कोणी घेत असेल तर तेंही डॉक्टरांस आधींच सांगावें. या शस्त्रक्रियेनंतर मोतीबिंदू लवकर पिकतो, पण त्याचा उपाय सर्वांस ठाऊक आहे. जेथें सांडवा वारंवार बुजतो तेथें हल्लीं डोळ्यांत बारीक नळी बसवितात. मदुरेच्या ऑरोलॅबनें ती देशांतच बनविल्यामुळें बरीच स्वस्त झाली आहे. तिच्या व्यापदा निराळ्या: नळी वरचें आवरण झिजवून उघडी पडणें, एकाचे दोन दिसणें. त्यांचा विस्तार येथें करीत नाहीं.

तर खामगांवच्या भगिनींस आमचें सांगणें असें. मामंजींस तिसऱ्या आठवड्यांत धुकट दिसतें आणि दाब उतरला आहे, एवढ्यावरून हात बिघडला असें ठरत नाहीं. डॉक्टरांस तीन प्रश्न विचारावे: पाणी कोठें गळतें आहे का, पुढला कप्पा उभा आहे का, आणि पडद्यामागें फुगवटा आहे का. उत्तरें कागदावर लिहून घ्यावीं. दुसऱ्या डॉक्टरांचें मत घेण्यांत कोणाचाही अपमान नाहीं. मात्र प्रत्येक भेटींतला दाब लिहिलेला कागद बरोबर न्यावा, नाहींतर नव्या डॉक्टरांस पहिल्या पानापासून आरंभ करावा लागेल. दिरांनीं औषधें मात्र बंद करूं नयेत. स्टेरॉइडचे थेंब मध्येंच सोडले तर दाह वाढतो, आणि शरीर तो सांडवा बुजवूं लागतें. आणखी एक घोटाळा आम्हीं दोन-तीन घरांत पाहिला. शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्याचे जुने थेंब बहुधा थांबवितात. घरचीं माणसें दोन्ही डोळ्यांचे थांबवितात. दुसरा डोळा उपाशी राहतो. बाटल्यांवर डावा-उजवा असें ठळक लिहून ठेवावें.

पत्रांत नाहीं अशी एक गोष्ट सांगितल्यावांचून मात्र हें उत्तर पुरें होत नाहीं. वर सांगितलेल्या बहुतेक व्यापदा पहिल्या तीन महिन्यांतल्या. एक मात्र जन्माची सोबतीण आहे. फोडावरचें आवरण पातळ असतें, मायटोमायसिन लावल्यावर कधीं कधीं तर फारच पातळ. त्यांतून वर्षांनंतरही जंतू आंत शिरूं शकतात.

अक्का आमच्याहून आठ वर्षांनीं वडील. ऐन तारुण्यांत वैधव्य आलें आणि त्या माहेरीं परतल्या. आमचा संसार त्यांनींच उभा केला. २०१२ सालीं मोतीबिंदूच्या शिबिरांत त्यांचा डावा डोळा काचबिंदूनें पूर्वींच गेलेला निघाला. तो केव्हां गेला हें त्यांस स्वतःसही ठाऊक नव्हतें, कारण उजव्यावर निभत होतें. सख्ख्या भावंडांत हा रोग अधिक आढळतो म्हणून डॉक्टरांनीं आमचीही तपासणी करविली, आणि आमचा रोग वेळींच सांपडला. अक्कांच्या उजव्या डोळ्यावर २०१३ त शस्त्रक्रिया झाली. पांच वर्षें उत्तम गेलीं. निघतांना दिलेल्या कागदावर मराठींत स्वच्छ छापलें होतें कीं डोळा लाल झाला, दुखला, उजेड सोसेना किंवा धुकट दिसूं लागलें तर त्याच दिवशीं या. तो कागद आम्हींच घडी करून कपाटांत ठेवला.

२०१८ च्या भाद्रपदांत महालक्ष्म्यांच्या आवाहनाच्या दिवशीं अक्कांचा डोळा खुपूं लागला. त्यांनीं तें कोणास सांगितलें नाहीं. पूजनाच्या दिवशीं सोवळ्यांत पुरण वाटतांना आम्हीं त्यांच्याकडे पाहिलें, तों डोळा गुंजेसारखा लाल. "अक्का, हें काय?" "अरे, चुलीचा धूर." चाळीस पानें वाढावयाचीं होतीं. गॅस येऊन घरांत पंधरा वर्षें झालीं होतीं. चूल त्या दिवसापुरती अंगणांत पेटली होती खरी. आम्हांस तें उत्तर पटलें असें नव्हे. आम्हांस तें सोयीचें वाटलें. विसर्जनाच्या संध्याकाळीं अक्कांस ज्येष्ठा-कनिष्ठांचे मुखवटे दिसेनात, तेव्हां त्या खालीं बसल्या.

मेहकरवरून रात्रीच जीप काढली. डॉक्टरांनीं विचारलें, डोळा लाल केव्हांपासून? अक्कांनीं सांगितलें, आजच. आम्हीं सांगितलें, परवांपासून. त्या रात्रीं डोळ्याच्या आंत प्रतिजैविकांचीं इंजेक्शनें दिलीं, दर तासास थेंब घातले, आणि तिसऱ्या दिवशीं आंतली दूषित जेली काढण्याची शस्त्रक्रिया केली. डोळा वांचला, दृष्टि गेली. आतां त्यांस उजेड आणि अंधार एवढाच भेद कळतो. जंतू एकदां आंतल्या जेलींत उतरले कीं प्रत्येक प्रहराचा हिशेब असतो, आणि फोडापुरताच दाह असतां आलेला रोगी बहुधा नुसत्या थेंबांनीं बरा होतो, हें डॉक्टरांनीं आम्हीं विचारल्यावर सांगितलें. अक्कांसमोर सांगितलें नाहीं.

पुढें आमची शस्त्रक्रिया ठरली तेव्हां अक्का इस्पितळांत येऊन बसल्या होत्या. तेव्हांपासून त्यांचा एक नेम आहे. रोज सकाळीं पूजेच्या वाती वळून झाल्या कीं त्या आमच्या नातीस हांक मारतात. नात नऊ वर्षांची आहे. ती आम्हांस खिडकीशीं उभें करते, "आजोबा, खालीं बघा," म्हणते, बोट न लावतां डोळ्याच्या वरच्या बाजूस निरखून पाहते, आणि मग माजघरांत ओरडून सांगते, "पांढरा आहे, अक्काआजी." अक्का विचारतात, "नीट बघितलास ना ग?" गेल्या महालक्ष्म्यांस पूजनाच्या दिवशीं घरांत बावीस पाहुणे होते आणि नात पाटावर जेवावयास बसली होती. अक्कांनीं तिला उठविलें.